हिवाळ्यातला गळ आणि वडिलांची सोबत

मृगाचा पहिला जोरकस पाऊस कोसळून नद्या-ओढे गढूळ झाले म्हणजे निपाणीपासून बेळगावपर्यंतच्या मुलखात माशांची एकच धांदल उडते. नदीतले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने ओढ्यांत, ओढ्यांतून ओहळांत आणि ओहळांतून थेट भाताच्या खाचरांत चढू लागतात. या चढणीस वलगण म्हणतात. त्या चार-आठ दिवसांत मासा धरण्यास ना साधन लागते ना कौशल्य. टोपली, फाटकी साडी, धोतराचा सोगा, जे हाती येईल त्याने लोक मासे भरून नेतात. उत्साहाच्या भरात एक गोष्ट मात्र विसरली जाते. वलगणीचा मासा अंडी घालण्यासाठी निघालेला असतो. त्याला वाटेत अडविणे म्हणजे पेरणीच्या तोंडावर बियाण्याची कणगी फोडून खाणे होय.

हिवाळ्यातल्या गळाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. मार्गशीर्ष सरून पौष लागला, की नदीकाठी गर्दी नसते, पाणी निवळशंख असते आणि मासा गळाला लागेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. सकाळी गेलेला मनुष्य दुपारी चार बोटांएवढ्या दोन खवल्या घेऊन परतला, तरी त्या दिवसाचे चीज झाले असे समजतात. मग अशा ऋतूत गळ घेऊन जाण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाही व्यवहारी माणसास पडेल. त्याचे उत्तर काही माशांच्या स्वभावात आहे आणि काही माणसांच्या. घरात वडील वृद्ध झाले असतील, त्यांनी आयुष्यभर नदी पाहिली असेल, आणि मुलाला आठवड्यातून एक रविवार मोकळा मिळत असेल, तर या सोबतीला हिवाळ्याइतका योग्य दुसरा काळ नाही.

प्रथम माशाकडे पाहू. मनुष्याच्या शरीरात चूल अखंड पेटलेली असते. बाहेर थंडी असो वा ऊन, रक्ताची ऊब फारशी बदलत नाही. माशाला ही चूल नाही. पाणी जितके गार, तितके त्याचे अंग गार. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर वसले आहे. गरिबांचे महाबळेश्वर हे त्याचे नाव थट्टेने पडले की कौतुकाने, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तेथे अंगावर घोंगडी घेतल्यावाचून अंगणात उभे राहवत नाही, हे खरे. निपाणीकडचा मुलूख थोडा सखल, तरी नदीकाठची पहाट तेथेही बोटे बधिर करणारी असते. अशा पाण्यात माशाचे पचन मंदावते. पोटात गेलेला घास जिरण्यास वेळ लागतो, म्हणून नवा घास घेण्याची निकड त्याला नसते. तो डोहाच्या खोल भागात, तळालगत, जवळजवळ निश्चल राहतो. तो अशक्त झाला असे मात्र नव्हे. गार पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. उन्हाळ्यात डबक्यातले मासे तोंड वर काढून धापा टाकताना दिसतात, तशी अवस्था हिवाळ्यात येत नाही. मासा सुखात असतो. भूक तेवढी बेताची असते.

नवखा मनुष्य येथेच चुकतो. मासेमारी म्हणजे भल्या पहाटेचे काम, हे त्याने कोठेतरी ऐकलेले असते. तो पाच वाजता उठतो, कुडकुडत काठ गाठतो आणि सूर्य हातभर वर येईपर्यंत हताश होऊन बसतो. जुन्या जाणत्याला ही घाई नसते. सकाळी नदीवरून पांढरी वाफ उठताना दिसते. लोक तिला धुके म्हणतात. वास्तविक हवा रात्रीत झपाट्याने थंड होते, पाणी मात्र सावकाश थंड होते. म्हणून पहाटे हवेपेक्षा पाणी उबदार असते आणि त्याची वाफ थंड हवेत सूक्ष्म थेंब बनून दिसू लागते. वाफ विरली, काठाचे काळे खडक उन्हाने कोमट झाले, उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोहोचले, म्हणजे साधारण साडेदहाच्या पुढे मासा खोलातून कडेला सरकतो. दुपारी तीनपर्यंत काय ते खरे. पुढे सावल्या लांबल्या, की त्याचे दुकान बंद.

निसर्गाचे हे वेळापत्रक वृद्ध माणसाच्या प्रकृतीशी नेमके जुळते. थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्ताचा दाब चढतो आणि हृदयावर भार पडतो. तरुणाला हे कळतही नाही. सत्तरी उलटलेल्याला ते धोक्याचे ठरू शकते. शिवाय वय वाढले म्हणजे थंडीची जाणीवच बोथट होते. अंग गारठत आले तरी म्हातारा मनुष्य मला काही होत नाही असे सांगतो आणि ते सांगताना तो खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच कळलेले नसते. तहानेचेही तसेच. म्हणून अशा सहलीत ऊन अंगावर आल्यावर निघणे, कान झाकणे, बसायला जमिनीऐवजी पोते किंवा पाट नेणे, आणि दर तासाला मागितला नसला तरी गरम चहा पुढे करणे, ही कामे मुलाने न बोलता करावयाची असतात. बोलून केली तर त्यांचा स्वीकार होण्याचा संभव कमी.

यमगर्णीजवळ पुणे-बेंगळूर महामार्ग वेदगंगा ओलांडतो. निपाणीपासून हे ठिकाण हाकेच्या अंतरावर आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत याच नदीने महामार्ग बंद पाडला होता. जानेवारीत मात्र हीच नदी पाहून त्यावर विश्वास बसत नाही. पुलापासून वर किंवा खाली, उसाच्या फडांच्या कडेने, अशी एक जोडी चालली आहे असे श्रोत्यांनी डोळ्यांपुढे आणावे. वडिलांनी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत उमेदीची वर्षे घालविली आहेत. मुलगा बेळगावात नोकरीस आहे. वडील पुढे, मुलगा मागे, हा लहानपणचा क्रम अजून मोडलेला नाही. पण पायवाट जेथे उतरते तेथे मुलगा काहीतरी निमित्त काढून पुढे होतो आणि हात मागे धरून उभा राहतो. वडील तो हात घेतात, पण त्याच्याकडे पाहत नाहीत.

सामान थोडके असते. चिव्याच्या दोन काठ्या, नायलॉनचा दोरा, शिशाचे मणी, मोरपिसाच्या देठाचे तरंगे आणि डबीत बारीक गळ. हिवाळ्यात गळ बारीकच हवा, कारण आमिषही बारीक लागते. पावसाळ्यात मूठभर गांडुळांचा गुंता दिसला तरी मासा झडप घालतो; पौषात त्याला वाटाण्याएवढा कणकेचा गोळा पुरे होतो, तोही मऊ मळलेला. गोळा मळण्याचे काम वडील दुसऱ्यास देत नाहीत. त्यात भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ किती, पाणी किती, याचे माप त्यांच्या अंगठ्यात आहे.

काठ निवडण्यातही शास्त्र आहे. वेदगंगा काय, दूधगंगा काय, सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो. तेव्हा नदीच्या उत्तरेकडच्या काठाला समोरून ऊन मिळते. तो उतार आधी तापतो आणि त्याच्या पायथ्याचे पाणीही. दुसरा फायदा असा, की तेथे बसणाऱ्याची सावली मागे, शेताकडे पडते. पाण्यावर पडत नाही. पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात सावलीचे भय नसते, पण पौषातल्या आरशासारख्या पाण्यात माणसाची मान हलली तरी खवली क्षणात नाहीशी होते. या सगळ्याची कारणे वडील सांगणार नाहीत. ते नुसते त्या काठाला जाऊन बसतील. मुलाने विचारलेच, तर उत्तर मिळेल, “हितंच बसत्यात.” एवढ्यावर समाधान न मानता, येथेच का, हे आपल्या बुद्धीने शोधणे हा शिकण्याचा अर्धा भाग आहे.

निवडलेली जागाही पूर्वीची उरलेली नाही. या नद्यांवर जागोजाग कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की दगडी खांबांमधल्या खाचांत बरगे घालून पाणी अडवितात. उसाला ते जीवनच आहे. त्यामुळे वाहती नदी हिवाळ्यात तळ्यांची माळ बनते. जेथे खळाळ होता तेथे आता संथ फुगवटा असतो आणि खळाळात राहणाऱ्या माशाला तेथे घर नसते. वर दूधगंगेवर काळम्मावाडीचे आणि वेदगंगेवर पाटगावचे धरण झाले. तिकडे घटप्रभेवर हिडकलचा जलाशय १९७७ साली पुरा झाला आणि त्याच्या पोटात किती डोह गेले ते तेथल्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक. धरणांनी या भागाचे दैन्य फिटले, हे मान्य केलेच पाहिजे. पाण्यावाचून हातावर पोट घेऊन मुंबईस जाणारी माणसे गावात राहू लागली. मात्र वडिलांच्या डोक्यातली नदी आणि समोरची नदी एक उरली नाही, हेही त्याबरोबर आले. ते ज्याला कोंडीचा डोह म्हणतात, तेथे आता बंधाऱ्याची भिंत आहे. तरी ते त्या जागेला त्याच नावाने हाक मारतात आणि मुलाने ते नाव प्रथमच ऐकलेले असते.

बसल्यावर लगेच गळ टाकावयाचा नसतो. वडील पिठाच्या चिमटी चिमटी पाण्यात सोडतात आणि पंधरा-वीस मिनिटे काहीच करीत नाहीत. मुलगा काठी उचलतो, तेव्हा ते म्हणतात, “घाई कसली करायलास? पाणी अजून तापलं न्हाई. खाऊ देत त्येस्नी.”

माशाला आधी चारून, त्याला जागेची सवय लावून मग गळ टाकण्याची ही रीत किती जुनी असावी? कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर हा राजा बाराव्या शतकात होऊन गेला. बेळगावच्या परिसरावरही चालुक्यांचीच अधिसत्ता होती. या राजाच्या ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ या संस्कृत ग्रंथाचे नाव मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे, कारण त्यात जुन्या मराठीतल्या काही पंक्ती आढळतात. मात्र त्याच ग्रंथात राजाच्या अनेक विनोदांमध्ये मत्स्यविनोद म्हणून एक प्रकरण आहे, याची वार्ता थोड्यांना असते. कोणते मासे समुद्रातले, कोणते नदीतले, कोणाला खवले असतात आणि कोणाला नसतात, कोणत्या माशाला कोणते खाद्य चारावे, दोर आणि गळ कसे असावेत, याचा तपशील तेथे राजाने दिला आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहून विद्वानांचे लक्ष त्याकडे वेधले. गळाच्या छंदावरील इंग्रजांचा लाडका ग्रंथ, आयझॅक वॉल्टनचा, १६५३ चा. म्हणजे सोमेश्वरानंतर पाचशे वर्षांनी आलेला. वखारीत तंबाखू निवडीत आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्याने हा ग्रंथ वाचला असण्याचा प्रश्नच नाही. पण राजाने जे संस्कृतात लिहिले ते त्याला कोणीतरी कोळ्या-भोयांनीच सांगितले असणार, आणि त्या सांगणाऱ्यांचीच विद्या हातोहात वेदगंगेच्या या काठापर्यंत पोहोचली असेल, तर नवल नव्हे.

गळ बांधण्याची वेळ येते तेव्हा पहिली अडचण उभी राहते. बारीक गळाच्या नेढ्यात दोरा ओवावयाचा असतो. थंडीने वडिलांची बोटे ताठली आहेत आणि एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. ते दोनदा प्रयत्न करतात, तिसऱ्यांदा दोरा तोंडात ओला करून पाहतात, आणि मग काही न बोलता गळ आणि दोरा मुलाच्या गुडघ्यावर ठेवून तंबाखूची चंची सोडतात. ज्याने गाठ मारावयास शिकविले त्याच्यासाठी गाठ मारण्याचा हा पहिलाच प्रसंग. मुलाने येथे सांत्वनाचा एकही शब्द बोलू नये. गाठ मात्र वडिलांनी शिकविली तशीच, पाच वेढ्यांची मारावी; कारण चंची सोडता सोडता ते पाहत असतात.

त्यानंतरचा तासभर बाहेरून पाहणाऱ्यास रिकामा वाटेल. धोबी पक्षी शेपटी हलवीत काठाने फिरतो, खंड्या समोरच्या वाळक्या फांदीवरून एकदा सूर मारून आपली शिकार उचलतो आणि दोघा माणसांना खजील करतो. पलीकडच्या फडात ऊसतोड चालू असते. कोठूनतरी गुऱ्हाळाचा गोडसर धूर येतो. या निवांतपणातच वडील बोलू लागतात. घरात, जेवताना, दवाखान्यात ते एका शब्दाला दोन शब्द बोलत नाहीत. येथे समोर पाणी असते, एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी निपाणीत महामार्ग अडविला, गोळीबार झाला, तेव्हा वखारीत काय वातावरण होते, हे मुलाला प्रथम येथे ऐकावयास मिळते. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा आजोबा काय म्हणाले होते, हेही येथेच. सीमेचा प्रश्न अजून न्यायालयात आहे आणि घरोघरी त्याच्या आठवणी आहेत. पण नदीकाठी तो वेगळ्याच रूपाने डोकावतो. ही वेदगंगा भुदरगडात उगम पावते, कागल तालुक्यातून निपाणीकडे येते, दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा पुढे कृष्णेला. शेजारी बसलेला कानडी बोलणारा म्हातारा वाम माशाला हावु मीनु म्हणतो. हावु म्हणजे साप. वडील त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलतात, तो यांच्याशी यांच्या. मासा लागला तर दोघेही एकाच शब्दात “हां!” करतात.

आणि मग तो क्षण येतो, ज्याच्यासाठी एवढे विस्ताराने बोलावे लागले. हिवाळ्यातल्या माशाची ओढ अशी नसतेच. तरंगा बुडत नाही. किंचित कलतो, अर्धे बोट सरकतो आणि थांबतो. तेवढ्यात मनगटाने हिसका द्यावा लागतो. उत्तरेच्या काठावर समोरून ऊन येते, पाण्यावर चकाकी उसळलेली असते आणि मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला त्या चकाकीत तरंगा दिसत नाही. वडिलांचा तरंगा कलतो. मुलगा ते पाहतो. वडिलांचा हात हलत नाही.

सांगावे की सांगू नये? सांगितले तर मासा मिळेल, पण त्याबरोबर वडिलांना हेही कळेल की मुलाने सर्व पाहिले आहे, आणि यापुढे प्रत्येक वेळी कोणीतरी सांगावे लागणार आहे. न सांगितले तर एक खवली जाईल. हिशेबाने पाहिले तर खवलीचे मोल काहीच नाही. परंतु मौनातही एक अपमान असतो. म्हाताऱ्याला आता कळत नाही असे गृहीत धरून त्याच्याशी सौजन्याने वागणे, हे कित्येकदा उघड सांगण्याहून अधिक लागते. वृद्धांच्या घरी हा पेच नित्याचा आहे. औषधाची गोळी घेतली की नाही, दाराची कडी घातली की नाही, दहाच्या जागी शंभराची नोट दिली की काय, या सगळ्यात मुलांना दररोज हेच ठरवावे लागते, आणि कोणतेही उत्तर दर वेळी बरोबर येत नाही. या काठावर मुलगा काहीच ठरवू शकत नाही. तरंगा पुन्हा सरळ होतो. थोड्या वेळाने वडील म्हणतात, “बघितला मी. बारका हुता. जाऊ दे म्हटलं.”

त्यांना तो खरोखर दिसला होता काय? दोऱ्यातून हाताला कळला असेल, असेही संभवते. मुलाने विचारू नये हेच बरे, आणि तो विचारीत नाही. मात्र पुढच्या वेळी तरंग्याच्या टोकाला काळा रंग लावण्याची उपयुक्त गोष्ट त्याने करावी. चकाकीत पांढऱ्या-तांबड्यापेक्षा काळे टोक अधिक उठून दिसते. जागा थोडी तिरकी घेतली तर चकाकीही टळते. काही अडचणींवर असे साधे उपाय असतात आणि ते वेळेवर सुचत नाहीत.

दुपार कलण्याच्या सुमारास मुलाच्या गळाला काहीतरी लागते. बोटभर लांबीचा, करड्या पाठीचा मासा. मुलगा त्याला चिलापी म्हणतो, कारण त्याला येणारे ते एकच नाव. वडील तो हातात घेऊन उलटासुलटा करतात आणि सांगतात, “चिलापी कुठली, मळ्या हाय ह्यो. लई दिसांनी दिसला.” आणि त्याला पाण्यात सोडून देतात.

चिलापी हा या नद्यांचा मूळ रहिवासी नव्हे. आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला आणि तळ्यांतून, कालव्यांतून सर्वत्र पसरला. जलाशयांत सोडलेले कटला, रोहू, मृगळ हेही उत्तरेकडच्या नद्यांतले पाहुणे. त्यांनी लोकांच्या ताटात स्वस्त अन्न आणले, याबद्दल कृतज्ञच असले पाहिजे. पण मूळच्या माशांची जागा आक्रसली. त्यांतून कोणी ब्लीचिंग पावडर ओततो, कोणी सुरुंग लावतो. १८९७ च्या कायद्याने दोन्ही गोष्टींना बंदी आहे, आणि तरीही अधूनमधून एखाद्या डोहावर पांढरी पोटे तरंगताना दिसतात. मळ्यासारखा क्षुद्र मासा अशा वेळी कोणाच्या हिशेबात नसतो.

त्याचे नाव मात्र एका मोठ्या दप्तरात लिहिलेले आहे. विल्यम सायक्स नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी १८२४ पासून काही वर्षे दख्खनची पाहणी करीत हिंडत होता. येथल्या नद्यांतले चाळीसहून अधिक मासे त्याने गोळा केले, त्यांची चित्रे काढविली आणि १८३०-४० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे त्यांचे वर्णन ठेवले. शास्त्रीय नावे लॅटिनमध्ये देण्याचा प्रघात. पण सायक्सने कित्येक माशांना मराठी माणसांच्या तोंडची नावेच लावली. म्हणून आजही जगातील कोणत्याही विद्यापीठात मळ्याचे शास्त्रीय नाव गारा मुल्ल्या असे आहे, शिंगाळ्याच्या नावात सिंघाला आहे, शिंगटीच्या नावात सिंगटी. दख्खनच्या महसीर माशाचे नाव टोर खुद्री. नाकाडावर उंचवटा असलेला नुक्ता हा मासा केवळ कृष्णेच्या खोऱ्यातच आढळतो. तो आता दुर्मीळ झाला असून संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे. त्याचेही नाव सायक्सने ऐकले ते आणि तसेच ठेवले. हे सांगणारे कोण होते? मुळा-मुठेच्या, भीमेच्या काठचे कोळी-भोई असतील. त्यांचे एकाचेही नाव ग्रंथात नाही. त्यांच्या तोंडचे शब्द मात्र दोनशे वर्षे टिकले, कारण कोणीतरी शेजारी बसून विचारले आणि लिहून घेतले.

नद्यांतले सगळे सांगून झाले आहे, असेही नव्हे. हिरण्यकेशी नदी आंबोलीजवळ उगम पावून आजरा, गडहिंग्लजवरून संकेश्वरकडे, बेळगाव जिल्ह्यात येते. तिच्या उगमापाशी महादेवाच्या मंदिराचे कुंड आहे. हजारो यात्रेकरूंनी त्यात पाय धुतले. त्याच कुंडातून २०२० साली मुऱ्याच्या कुळातला एक सोनेरी छटेचा इवलासा मासा शास्त्राला अगदी नवा म्हणून नोंदला गेला. शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव त्याला नदीवरूनच मिळाले आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केली. मंदिराच्या पायरीवर बसणाऱ्या एखाद्या गुरवाला किंवा गुराख्याला तो मासा लहानपणापासून ठाऊक असेल. त्याला विचारण्याचे कोणास सुचले नव्हते, इतकेच.

मळ्या पाण्यात गेल्यावर मुलगा खिशातली वही काढतो. वडिलांना ते चमत्कारिक वाटते. “ह्यात काय लिवायचं?” असे म्हणतात आणि तरीही सांगू लागतात. कटरणा काटा मारतो तो कोठे, शिवडा कोणत्या वळणावर असे, मरळ पिलांभोवती कशी घिरट्या घालते, वाम रात्री कशाला लागते, कोंडीच्या डोहात किती काठ्या पाणी होते. काही गोष्टी ते दोनदा सांगतात, काहींत स्वतःशीच अडखळतात. एका माशाचे नाव त्यांना आठवत नाही. ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहतात, आणि मुलाला ते नाव ठाऊक असण्याचा संभवच नसतो. वहीत त्या ओळीपुढे जागा कोरी राहते.

भाकरी, खर्डा आणि कांदा सोडून उन्हात जेवण होते. कृष्णेच्या बाजूला असते तर जागा याहून निवडून घ्यावी लागली असती. तिकडे मगरी हिवाळ्यात ऊन खाण्यासाठी काठावर येऊन पडतात आणि लव्हाळ्याच्या आड बसणे शहाणपणाचे नसते. येथे तेवढी भीती वडील मानीत नाहीत, पण बसतात मोकळ्या काठावरच. जेवणानंतर त्यांचा डोळा लागतो. मुलगा घोंगडी त्यांच्या पाठीवर ओढतो आणि दोन्ही काठ्यांवर लक्ष ठेवतो. त्या अर्ध्या तासात एक खवली मिळते, मग आणखी एक. तीन वाजता पाण्यावरची चकाकी ओसरते, वारा फिरतो, आणि वडील जागे होऊन प्रथम टोपलीत डोकावतात. “बास झालं,” म्हणतात. दोन माशांचे कालवण चार माणसांना पुरत नाही, हे दोघांनाही माहीत असते.

परतताना वाटेत शेतांतून तंबाखूची छाटणी सुरू झालेली दिसते. हा हंगाम एकदा भरात आला की या भागात कोणाला कोणासाठी सवड उरत नाही. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघून जाते, अशी समजूत आहे. त्यानंतर ऊन चढते, उसाला पाणी उपसले जाते, बंधाऱ्यांतली पातळी खाली येते आणि काठाचा चिखल उघडा पडतो. त्या चिखलातून म्हाताऱ्या माणसाला नेता येत नाही. संक्रांतीपासून शिवरात्रीपर्यंत रविवार येतात ते साधारण पाच ते आठ. त्यांतला एखादा लग्नकार्यात जातो, एखादा बेळगावच्या कामात. उरलेल्यांपैकी पुढचा रविवार वडिलांनी आधीच धरला आहे. या खेपेस बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला बसावयाचे, असे त्यांनी ठरविले आहे, आणि काळा रंग आणावयाचे मुलाने.